'थीफ'च्या आरंभीच्या मोहिमा : स्मरण आणि संहिता

'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा संगणकावर खेळावयाचा खेळ १९९८ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याची कर्ती संस्था लुकिंग ग्लास स्टुडिओज ही मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजची, प्रकाशक आयडॉस. या गोष्टीस आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. कर्ती संस्था २००० साली बंद पडली, ज्या यंत्रांसाठी खेळ रचला गेला ती यंत्रे अडगळीत गेली. तरीही त्याच्या पहिल्या चारसहा मोहिमांविषयी त्याचे चाहते ज्या बारकाईने बोलतात ती बारकाई पुष्कळदा छापील ग्रंथांच्याही वाट्याला येत नाही. कोणत्या दालनात गालिचा आहे आणि कोणत्या दालनात उघडी फरशी, कोणता पहारेकरी शीळ घालीत फिरतो आणि कोणता मद्याच्या अमलात असतो, हे ते न अडखळता सांगतात. या स्मरणाला इतिहासाचे साधन म्हणून किती मोल द्यावे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. तो वाटतो तितका हलका नाही. कारण या खेळाची संहिता जपण्याचे काम आज बहुतांशी या चाहत्यांच्याच हाती आहे, आणि जपणारा आपल्याला जे आठवते त्याला धरूनच जपत असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्या काळच्या प्रथमपुरुषी दृष्टीच्या खेळांत नायकाच्या हाती बंदूक असे आणि समोर येईल त्यास मारीत पुढे जाणे हाच त्याचा धर्म असे. 'थीफ'चा नायक गॅरेट हा चोर आहे. तो समोरासमोरच्या झुंजीत दुबळा पडतो. त्याचे सामर्थ्य काळोखात आणि निःशब्द पावलांत. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. नायक उजेडात असला की तो उजळतो, सावलीत शिरला की मावळतो. मशाल विझविण्यासाठी पाण्याचे बाण, पावलांचा आवाज मरावा म्हणून शेवाळाचे बाण, लाकडी तुळईत रुतून दोर खाली सोडणारे बाण, अशी त्याची आयुधे आहेत. 'चोराच्या मनात चांदणे' या म्हणीत जी भीती गोठलेली आहे तीच येथे खेळाचा नियम झालेली आहे. काठिण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पण वरच्या पायरीवर केवळ शत्रू बळकट होतात असे नाही, तर नायकावरील बंधने वाढतात. सर्वांत वरच्या पायरीवर मनुष्यवध वर्ज्य आहे. चोराने रक्त सांडले तर तो आपल्या विद्येत उणा ठरला, असा हा दंडक.

हे रूप प्रारंभीच ठरलेले नव्हते. लुकिंग ग्लासचे पूर्वसूरी 'अल्टिमा अंडरवर्ल्ड' (१९९२) आणि 'सिस्टिम शॉक' (१९९४) हे खेळ निर्माण करून नाव मिळवून बसले होते. पुढील खेळाची कल्पना प्रथम तलवारबाजीच्या अंगाने चालली होती. 'डार्क कॅमेलॉट' या नावाखाली राजा आर्थरची कथा उलटी करून मॉर्ड्रेडला नायक करण्याचा एक बेत होता. त्यातील चोरीचा भाग तेवढा टिकला आणि बाकीचे गळाले. केन लेव्हिन यांचा आरंभीच्या कथाकल्पनेत, डग चर्च यांचा मूळ रचनाविचारात वाटा होता. प्रकल्पाचे नेतृत्व ग्रेग लोपिकोलो यांनी केले. प्रमुख प्रोग्रामर टॉम लेनर्ड यांनी १९९९ साली या निर्मितीचा जो वृत्तांत लिहिला त्यावरून दिसते की, पहारेकऱ्यांच्या कृत्रिम बुद्धीची पहिली घडण टाकून देऊन ती नव्याने करावी लागली. म्हणजे ज्या गोष्टीवर सारा खेळ उभा, ती गोष्ट अगदी अखेरच्या काळात हाती आली. मोहिमांच्या स्वरूपाचा विचार करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता त्या मोहिमा. पहिली केवळ शिक्षणाची. कीपर नावाच्या एका गुप्त पंथात अनाथ गॅरेटला सावलीत उभे राहण्याची आणि आवाज न करता फरशी ओलांडण्याची विद्या शिकविली जाते. लगेच पुढची मोहीम लॉर्ड बॅफर्डच्या वाड्याची. धनी परगावी आहे, वरच्या मजल्यावरील सिंहासनाच्या दालनात त्याचा राजदंड आहे, तो चोरून आणावयाचा. दर्शनी दरवाजावर पहारा आहे; परंतु वाड्याबाहेरच्या एका विहिरीतून पाण्यात उतरले की तळघरात शिरता येते. तिसरी मोहीम क्रॅग्सक्लेफ्ट येथील तुरुंगाची. राजदंडाचे पैसे देण्याआधीच चोरीचा माल घेणारा कटी पकडला गेला आहे, त्याला सोडवावयाचे. वाट पडीक खाणींतून जाते आणि त्या खाणींत प्रेते चालतात. कटी कोठडीतच प्राण सोडतो, पण मरता मरता क्विंटसच्या शिंगाचा ठावठिकाणा सांगतो. म्हणून चौथी मोहीम अस्थिगृहाची : थडग्यांच्या एका भुलभुलैयात त्या शिंगाचा सूर दुरून ऐकू येत राहतो आणि त्या सुराच्या रोखाने वाट काढावी लागते. पाचवीत गॅरेट समजून मारेकऱ्यांनी भलत्याचाच बळी घेतला आहे. नायक त्यांच्या मागे मागे रस्त्यांतून जातो, रामिरेझ नावाच्या गुंडाच्या घरापर्यंत पोहोचतो आणि सूड म्हणून ते घर लुटतो. सहावी कॉन्स्टंटाइनच्या विलक्षण वाड्याची, जेथे भिंती वाकड्या आहेत, घरात झाडे वाढलेली आहेत आणि नकाशा जवळजवळ निरुपयोगी आहे.

यांपैकी बॅफर्डच्या वाड्याची आठवण काढताना चाहते बहुधा एका संभाषणापासून आरंभ करतात. दरवाजावरचे दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीविषयी बोलत असतात. हल्ली झुंजीला आणतात ती अस्वले अगदीच लहानखोर, असा त्यांतील एकाचा आक्षेप असतो. खेळाच्या उद्दिष्टाशी या बोलण्याचा कसलाही संबंध नाही. ते ऐकल्याने ना किल्ली मिळते, ना वाट कळते. पण त्या चार वाक्यांत पहारेकऱ्याला रजेचा दिवस मिळतो, शहराला एक करमणूक मिळते आणि वाड्याबाहेरही जग आहे असा भरवसा खेळणाऱ्यास होतो. एक गमतीचा योगही येथे नोंदण्याजोगा आहे. पूर्वीचे ते खरे, असे म्हणणारा पहिला मनुष्य या मालिकेत चाहत्यांच्या आधी पहारेकऱ्यांमध्येच सापडतो.

भाषेच्या अभ्यासकाला या खेळातील उक्तींचे कार्य निराळेच दिसते. पहारेकऱ्याच्या सावधपणाच्या काही अवस्था योजलेल्या आहेत, आणि प्रत्येक अवस्थेला तिच्या तिच्या उक्ती आहेत. पहिलीत तो काहीतरी ऐकल्याची शंका स्वतःशीच पुटपुटतो. दुसरीत शोधाची, दरडावणीची भाषा येते. तिसरीत शंका संपते आणि ललकारी उठते. काही काळ शांतता राहिली की तो उंदराला किंवा वाऱ्याला दोष देऊन पुन्हा फेरीला लागतो. खेळणाऱ्याला पहारेकऱ्याचे मन वाचण्याचे दुसरे साधन नसते. त्यामुळे ही वाक्ये अलंकार म्हणून ऐकली जात नाहीत. चौकात उभा राहणारा मनुष्य जसा सिपायाच्या हाताकडे पाहतो तशी ती ऐकली जातात. आवाज कसा पसरावा यासाठीही खास रचना केलेली होती. जागेचे खोल्याखोल्यांत विभाग पाडून ध्वनी भिंतीतून न जाता दारांच्या वाटेने जाईल अशी ती व्यवस्था. त्यामुळे चोर पहारेकऱ्याला ज्या वाटेने ऐकतो त्याच वाटेने पहारेकरी चोराला ऐकतो. ध्वनियोजना एरिक ब्रॉसियस यांची, आणि गॅरेटचा तो कोरडा, किंचित कंटाळलेला स्वर स्टीफन रसेल या नटाचा. जे ऐकण्यावर प्राण अवलंबून होते ते पंचवीस वर्षे कानात राहिले, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. चाहत्यांच्या स्मरणात उक्ती इतक्या शाबूत का आणि तळघरांचे नकाशे इतके धूसर का, याचा उलगडाही येथेच होतो.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी नोंदवाव्यात. या काल्पनिक नगरात पंथभेद भाषेने दाखविलेला आहे. हातोडा हे ज्यांचे पवित्र चिन्ह ते हॅमराइट लोक जुन्या इंग्रजी बायबलाच्या वळणाने, आता लुप्त झालेली द्वितीयपुरुषी सर्वनामे आणि क्रियापदांचे जुने प्रत्यय वापरून बोलतात. अरण्यपूजक पेगन लोकांची बोली मोडकी, लडिवाळ प्रत्ययांनी भरलेली आहे. ती बोबडी वाटते, आणि तिच्यातून धमकी आली की तिचा बोबडेपणाच भयंकर होतो. मोहिमेपूर्वी या पंथांच्या काल्पनिक धर्मग्रंथांतील उतारे पडद्यावर येतात, त्यांतही हा भेद पाळलेला आहे. दुसरी गोष्ट 'टॅफर' या शब्दाची. हा शब्द इंग्रजी कोशातून उचललेला नाही. पहारेकरी चोराला उद्देशून शिवीसारखा तो वापरतात, त्याचे क्रियापदही ऐकू येते, पण त्याचा अर्थ कोणीही कोठे सांगत नाही. खेळणाऱ्याने तो प्रसंगावरून जाणावयाचा, लहान मूल घरातल्या मोठ्यांच्या तोंडून शब्द उचलते तसा. पुढे चाहते एकमेकांना याच नावाने संबोधू लागले. जी शिवी होती ती बिरादरीची खूण झाली. निंदार्थी शब्द गटाच्या अभिमानाचा शब्द होणे ही भाषांच्या इतिहासात सुपरिचित घटना आहे. पण बनावट जगातला, निश्चित अर्थ नसलेला शब्द खऱ्या माणसांच्या समूहाचे नाव व्हावा हे तितके सामान्य नव्हे. या एका शब्दाचा पुरावा चाहत्यांच्या दहा प्रशस्तींहून वजनदार आहे.

येथपर्यंत स्मरण विश्वासार्ह आहे. आता ते कोठे निवड करते ते पाहावे. 'थीफ' म्हणजे रात्री श्रीमंताच्या वाड्यात शिरून चोरी करण्याचा खेळ, अशी त्याची ख्याती आहे, आणि आरंभीच्या मोहिमांचे गुणगान बहुधा याच ख्यातीला धरून होते. परंतु मूळ खेळाच्या मोहिमा मोजाव्यात. शिक्षणाची सोडून त्या बारा आहेत. त्यांत खऱ्या अर्थाने वाडा फोडण्याच्या तीन : बॅफर्ड, रामिरेझ, कॉन्स्टंटाइन; आणि त्यांतला तिसरा वाडा अर्ध्यावरच वाडा राहत नाही. हॅमराइट मंदिरात वेष पालटून शिरण्याची मोहीम माणसांमधली आहे, पण ती वाड्याची नव्हे. उरलेल्यांत तुरुंगाखालच्या खाणी, थडगी, झपाटलेला महामंदिराचा परिसर, गाडले गेलेले प्राचीन नगर आणि शेवटी पेगनांच्या देवतेचे पाताळ. म्हणजे वाडा हा या ग्रंथाचा नमुना नसून अपवादाच्या जवळचा आहे.

मग ही ख्याती आली कोठून? पहिले कारण क्रमाचे. बॅफर्डची मोहीम प्रत्येकाने खेळलेली, अनेकांनी कैक वेळा खेळलेली. आणि पहिल्या भेटीचा ठसा खोल उमटतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खेळ प्रसिद्ध झाला तेव्हाच चालती प्रेते आणि थडगी यांविषयी तक्रार झाली होती : चोराची विद्या माणसांवर शोभते, प्रेतापुढे ती व्यर्थ ठरते. कर्त्यांनी ती तक्रार मनावर घेतली. 'थीफ २ : द मेटल एज' मार्च २००० मध्ये आला तो बँका, गोदामे, पोलिसठाणी आणि घरांची छपरे घेऊन, प्रेते त्यात नाममात्र उरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संस्था बंद झाली. अशा रीतीने दुसरा भाग पहिल्याचे भाष्य ठरला आणि त्यानंतर पहिल्या भागाचे वाचन त्या भाष्याच्या उजेडात होऊ लागले. वाड्याच्या मोहिमा तेवढ्या 'खऱ्या', थडग्यांच्या 'भरतीच्या', हा निवाडा मूळ संहितेतून निघालेला नाही; तो उत्तरकालीन आहे. मूळ रचनेत थडगी भरती म्हणून आली असे धरूनही चालत नाही. तलवारीच्या खेळाचा जुना बेत आणि माणसांच्या कृत्रिम बुद्धीस लागलेला उशीर लक्षात घेता, कर्त्यांनी केवळ पहारेकऱ्यांच्या आधारावर सारा डोलारा उभारण्याचे धाडस केले नाही, असे मानण्यास जागा आहे. त्या संकोचाचे फळ मात्र संकोचासारखे दिसत नाही. अस्थिगृहात दुरून येणारा शिंगाचा सूर हा या मालिकेतील ध्वनीच्या उपयोगाचा सर्वांत धीट प्रयोग आहे, आणि तो थडग्यातच शक्य होता.

चाहत्यांचे मतही स्थिर राहिले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. २००४ साली आयन स्टॉर्म या संस्थेने तिसरा भाग काढला. त्यातील 'शेलब्रिज क्रेडल' या अनाथालय आणि वेड्यांचे इस्पितळ अशा दोन भूमिका वठविलेल्या वास्तूच्या मोहिमेने भयाची मोठी वाहवा मिळविली. त्यानंतर लोक मागे वळून पहिल्या भागातील महामंदिराच्या दुसऱ्या भेटीकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. पूर्वी जी कंटाळवाणी वा असह्य म्हणून टाळली जात असे तिचे नाव आता आदराने घेतले जाते. म्हणजे १९९९ ची आठवण आणि २००९ ची आठवण एकाच मोहिमेविषयी दोन साक्षी देतात. इतिहासकाराने कोणती साक्ष केव्हाची हे विचारल्यावाचून त्यांतली एकही वापरू नये.

याहून अवघड प्रश्न संहितेचा आहे. चाहते जिला 'पहिला भाग' म्हणतात ती एक संहिता नव्हे. १९९९ मध्ये 'थीफ गोल्ड' ही वाढविलेली आवृत्ती निघाली. तीत तीन नव्या मोहिमा घातल्या गेल्या : चोरांच्या संघाची, जादूगारांच्या मनोऱ्यांची आणि संगीतनाटकगृहाची. जुन्या मोहिमांतही फेरफार झाले. कथेत गॅरेटला जे चार ताईत मिळवावे लागतात ते १९९८ च्या पाठात दोन मोहिमांत वाटलेले होते; नव्या पाठात ते चार मोहिमांत विखुरले, आणि गाडलेल्या नगरात जादूगारांची एक तुकडी येऊन बसली. चोरांच्या संघाच्या गटारांना कंटाळून मूळ खेळाला नावे ठेवणारा चाहता वस्तुतः प्रक्षेपाला नावे ठेवीत असतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या वेळी त्यांच्यासमोर अशुद्ध पाठांची अडचण होती. येथे अडचण उलट आहे. वाढविलेला पाठ खुद्द कर्त्यांचा आहे, म्हणून तो अशुद्ध म्हणता येत नाही, पण प्रथम पाठही म्हणता येत नाही. आज विक्रीस असतो तो 'गोल्ड'चा पाठ. तेव्हा नव्या पिढीतील जो चाहता पहिल्या मोहिमांचे स्मरण करतो तो १९९८ च्या नोव्हेंबरात कोणीही न खेळलेल्या पाठाचे स्मरण करीत असतो.

त्यातही ध्वनीची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. १९९८ साली त्रिमिती ध्वनी देणारी स्वतंत्र ध्वनिकार्डे संगणकात बसविली जात, आणि 'थीफ' हा त्यांचा गुण दाखविणारा खेळ होता. विंडोज व्हिस्टा आल्यावर, २००७ पासून, त्या यंत्रणेला पूर्वीचा आधार उरला नाही. मधली काही वर्षे पुष्कळांनी हा खेळ सपाट ध्वनीत ऐकला. २०१२ साली कोणा अनामिकाने, आपले खरे नाव न सांगता, खेळाच्या मूळ यंत्रणेची दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध केली. 'न्यूडार्क' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यामुळे नव्या संगणकांवर खेळ चालू लागला, रुंद पडद्यावर दिसू लागला आणि ध्वनीलाही नवी वाट मिळाली. ही सेवा फार मोठी आहे. पण जो रंग, जी दृष्टीची कक्षा आणि जो प्रतिध्वनी तिच्यामुळे दिसतो-ऐकू येतो तो मूळ यंत्रावरचाच आहे असे समजून चालणे बरोबर नाही. 'आम्हाला जसा आठवतो तसा' खेळ करून देणे आणि 'होता तसा' ठेवणे यांत जे अंतर आहे ते दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असते; खेळणाऱ्याला ते बहुधा नसते.

स्मरणाचा सर्वांत बोलका पुरावा मात्र चाहत्यांच्या आठवणींच्या लेखनात नसून त्यांनी रचलेल्या मोहिमांत आहे. कर्त्यांनी 'ड्रोमेड' हे आपले रचनेचे साधन लोकांना उपलब्ध करून दिले, आणि त्यातून हौशी हातांनी आजवर हजाराहून अधिक मोहिमा झाल्या. २००५ साली 'शॅडोज ऑफ द मेटल एज' ही तेरा मोहिमांची मालिका आली. २००९ मध्ये 'द डार्क मॉड' निघाला, तो २०१३ पासून स्वतंत्रपणे चालतो. या साहित्यात वाडे विपुल आहेत. विहीर, तळघर, स्वयंपाकघर, नोकरांचा जिना, वरच्या मजल्यावरचा ऐवज, हा बॅफर्डचा सांगाडा पुनःपुन्हा भेटतो. इतका की त्याला रूढ छंदच म्हणावे. दरवाजावर दोन पहारेकरी कशाविषयी तरी कुरकुरत असतात, हेही त्या छंदाचे एक अंग झाले आहे. उलट २०१४ साली आयडॉस मॉन्ट्रियलने 'थीफ' या नावानेच नवा खेळ काढला तेव्हा गॅरेटचा आवाज दुसऱ्या नटाचा होता आणि दोराचे बाण नेमून दिलेल्या जागीच लागत. जुने चाहते रुष्ट झाले ते प्रामुख्याने या दोन गोष्टींवरून. त्यांच्या दृष्टीने एकीत वाणी गेली होती, दुसरीत मोकळीक.

खेळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास, २०२३ च्या डिसेंबरात, 'द ब्लॅक परेड' ही दहा मोहिमांची चाहतेकृत मालिका प्रसिद्ध झाली. तिचा काळ पहिल्या भागाच्या आधीचा, नायक गॅरेट नव्हे तर ह्यूम नावाचा गुन्हेगार. ती दुसऱ्या भागाच्या साधनांवर न रचता पहिल्याच्याच यंत्रणेवर, त्याच्याच भिंती-फरशांच्या पोताने रचलेली आहे. विशेष हे की, तिच्या कर्त्यांनी केवळ वाडे उचलले नाहीत. चालती प्रेते, काळोखी भुयारे, वाट हरवून टाकणाऱ्या जागा, ज्यांची १९९९ साली तक्रार झाली होती त्या साऱ्या त्यांनी परत आणल्या, आणि चाहत्यांनी ती मालिका डोक्यावर घेतली. बारा मोहिमांतील विसरल्या गेलेल्या नऊ मोहिमांची आठवण अखेर कोणी ठेवली होती, ते या एका कृतीवरून कळते.